अकरावी मॅट्रिकपासून क्लासपर्यंत

नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कुलात, कुसुमाग्रज शिकले. त्या काळी शाळेबाहेरचे विश्व म्हणजे आखाडा, गोदावरीत पोहणे आणि १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय. १९३७ साली डॉ. मुंजे यांनी भोसला सैनिकी शाळा काढली. तिथे कवायत, घोडेस्वारी थेट वेळापत्रकातच आली. तेव्हा सगळीकडेच मॅट्रिक अकरावीला असे. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि शाळेतले एक वर्ष, बहुधा सर्वांत मजेचे, उडाले. शाळेच्या हस्तलिखित मासिकाची प्रत तेव्हा एकच असे: वळणदार अक्षर, जलरंगातले मुखपृष्ठ, हातोहात फिरून दुमडलेले कोपरे. आता पीडीएफ प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते. वाचते कोण, हा भाग वेगळा. संध्याकाळी मैदानाऐवजी कॉलेज रोडवरचे क्लास भरतात.