सातबारा न होणारा मुलूख

ऐन धुमश्चक्रीत बंदूक अडते. ‘फार क्राय २’ खेळलेल्या प्रत्येकाच्या हाताला हा क्षण ठाऊक आहे. कमरेइतकं पिवळं गवत, समोरून दोघेजण गोळ्या झाडत चालून येतायत, आपण चाप ओढतो आणि नुसतं ‘खट्’. पडद्यावरचे हात बंदुकीशी झटापट करू लागतात, खटका मागे ओढतात, सुटत नाही म्हणून पुन्हा ओढतात, आणि इकडे आपण दातओठ खात तेच बटण बडवत राहतो. नळीवर चढलेला तांबूस गंज मघापासून डोळ्यांसमोरच असतो. मेलेल्या शत्रूच्या हातून उचललेली बंदूक ती, तिची हमी कोण देणार? कोरी हवी तर शस्त्रांच्या दुकानात हिरे मोजावे लागतात, आणि तीही वापरता वापरता मळते, गंजते. बदलायचा आळस केला तर हातातच फुटते. रॉकेट लाँचर जुना झाला असेल तर रॉकेट शत्रूकडे जायचं सोडून पुढ्यातच पडतं, फुरफुरत भिरभिरतं, आणि आपण जीव मुठीत धरून पळतो.

युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओनं हा खेळ २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आणला, आणि तेव्हापासून त्याच्यावरून दोन तट पडले ते पडलेच. एका तटाला वाटतं, सुंदर मुलूख उभा करून तो खेळणाऱ्याच्या वाट्याला सुखासुखी येऊ नये अशी व्यवस्था यात मुद्दाम केली आहे. दुसऱ्या तटालाही अगदी हेच वाटतं, फक्त त्यांना त्याचं अप्रूप आहे. मी या दुसऱ्या तटातला. अलीकडे हा खेळ पुन्हा खेळायला घेतला, आणि पूर्वी ज्या गोष्टी केवळ सोसल्या होत्या त्यांच्यासाठीच मी परत आलोय असं जाणवू लागलं.

मध्य आफ्रिकेतला एक देश. खेळ त्याला नाव देत नाही. यादवी पेटलेली आहे. यूएफएलएल आणि एपीआर हे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले आहेत. दोघांनाही शस्त्रं विकणारा माणूस एकच, त्याला ‘जॅकल’ म्हणतात. आपण भाडोत्री मारेकरी. याला ठार करायचं म्हणून विमानानं उतरलेले. खेळाची सुरुवात एका टॅक्सीत होते. ड्रायव्हर बोलत असतो, बाजूला रान पेटलेलं असतं, माणसं देश सोडून चाललेली असतात, आणि आपण मात्र उलट दिशेनं आत निघालेलो. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येते. हिवताप! शुद्धीवर येतो तेव्हा पाला नावाच्या गावातल्या एका हॉटेलच्या पलंगावर पडलेलो असतो आणि ज्याला मारायला आलो तोच समोर उभा. आपलीच कागदपत्रं चाळतोय, नीत्शेची वाक्यं ऐकवतोय. हातातला कोयता आपल्या डोक्याशेजारी भिंतीत रुतवून तो निघून जातो. मारण्याइतकीही किंमत त्यानं आपल्याला दिलेली नाही. नेमबाजीच्या खेळात नायकाची अशी सुरुवात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हिवताप शेवटपर्यंत सोडत नाही. आपल्याकडच्या व्हायव्हॅक्स हिवतापाची पाळी एक दिवसाआड येते. इथे खेळाच्या गतीनं अर्ध्या-पाऊण तासानं येते. नजर पिवळट होते, कडा विरघळतात, हात थरथरत गोळ्यांची बाटली काढतो. गोळ्या संपल्या की मिळवायचा मार्ग एकच. लपून बसलेल्या कुटुंबांपर्यंत देशाबाहेर पडण्याचे परवाने पोचवायचे, त्या बदल्यात औषध मिळतं. मी हे काम करतो ते भलेपणानं करत नाही, स्वतःच्या तापासाठी करतो, हे खेळाला पक्कं माहीत आहे. त्यानं मला दयाळू व्हायला सांगितलेलंच नाही. फक्त माझी गरज आणि त्यांची सुटका एकाच गाठीत बांधून ठेवली आहे. त्या दाराआड उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेत कृतज्ञता थोडी आणि धास्ती जास्त असते. हातात बंदूक घेऊन आलेला हा परका कागद देऊन जाईल की आणखी काही करील, याचा त्यांना भरवसा नसतो.

यातलं काहीही सोयीचं नाही. नकाशा कागदी आहे, हातात धरून बघायचा. गाडी चालवताना बघायचा तर तो मांडीवर उघडतो, रस्त्यावरची नजर खाली जाते आणि गाडी बाभळीला ठोकरते. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, पाना घेऊन गरागरा फिरवायचा. लांब जायचं तर बस स्टँड आहेत, नकाशाच्या चार कोपऱ्यांत आणि एक मध्यावर; तिथपर्यंत आपलं आपण जायचं. जखम झाली तर नुसती सिरिंज टोचून भागत नाही. रक्त फारच गेलं असेल तर खाली बघावं लागतं आणि मांडीत घुसलेली गोळी पक्कडीनं उपसून काढावी लागते. ते दृश्य आलं की मी अजूनही श्वास रोखून धरतो, कारण त्या चार-पाच सेकंदांत गोळीबार थांबलेला नसतो.

आणि चौक्या! या खेळानं सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या त्या चौक्यांपायी. प्रत्येक तिठ्यावर चार-पाच जणांची चौकी. आपण लढून ती मोकळी करतो, दारूगोळा भरून घेतो, पुढे जातो. परत येतो तर तिथे पुन्हा तितकेच लोक, तशीच जीप, तसाच गोळीबार. माझा भाचा मध्यंतरी शेजारी बसून खेळत होता. तो वैतागून म्हणाला, “मामा, अरे हे परत कसे आले? आत्ताच तर सगळे मारले ना?” मी म्हटलं, मारलेस खरे. “मग उपयोग काय झाला मारून?”

हाच तर प्रश्न आहे, आणि तो विचारायला लावणारा नेमबाजीचा खेळ विरळा. यादवीत पोसलेल्या मुलखात एक चौकी पडली म्हणून काय होतं? दोन्ही गटांकडे पैसा आहे, जॅकलच्या बंदुका आहेत, भाड्यानं मिळणारी माणसं आहेत. रिकामी जागा भरायला वेळ लागत नाही. आपण मारलेल्यांची जागा घेणारे आपल्यासारखेच परके, परदेशी बोलीचे, पोटासाठी आलेले. भाच्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की निदान तासभर तरी जागा मोकळी राहायला हवी होती. त्याचं हे म्हणणं मला मान्य आहे. नजरेआड होताच चौकी भरते यात यादवीचा तर्क नाही, यंत्राची घाई आहे. शिवाय ज्या गटाचं काम आपण करतोय त्याचीही माणसं आपल्यावर गोळ्या झाडतात. काम गुप्त आहे म्हणून, असं कारण खेळ देतो. ते एकदा चालतं, शंभरदा चालत नाही.

तरीही मूळ कल्पनेपासून मी हटणार नाही. २०१२ मध्ये ‘फार क्राय ३’ आला आणि त्यानं ही सगळी गाऱ्हाणी दूर केली. शत्रूचा तळ जिंकला की तो कायमचा आपला. रेडिओचा मनोरा चढून गेलं की आजूबाजूचा नकाशा उलगडतो. हिवताप नाही, गंज नाही. खेळ तुफान चालला, आणि पुढच्या कितीतरी खेळांनी तोच साचा उचलला. तुकड्या तुकड्यानं सगळा मुलूख आपल्या नावावर चढत जातो, जणू तलाठी सातबारा लिहीत मागून येतोय. त्यातलं समाधान मी नाकारत नाही. त्या खेळात मीही रात्री घालवल्या आहेत. पण परक्या देशात बंदूक घेऊन उतरलेल्या माणसाच्या नावावर तो देश का व्हावा, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. ‘फार क्राय २’ मध्ये मुलूख कुणाच्याच नावावर होत नाही. वणवासुद्धा आपलं ऐकत नाही. शत्रूवर पेटती बाटली फेकली आणि वारा फिरला, की तीच आग गवतातून आपल्या दिशेनं येते.

या खेळाचा दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग. त्यानं २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळावर एक टीका लिहिली होती. त्याचा मुद्दा असा की त्या खेळाची गोष्ट एक सांगते आणि खेळण्याची रीत वेगळंच शिकवते, दोन्हींत फारकत आहे. खेळांवरच्या चर्चेत तो मुद्दा आजही पदोपदी निघतो. पुढच्याच वर्षी आलेला ‘फार क्राय २’ मी त्या तक्रारीला दिलेलं उत्तर म्हणून वाचतो. गोष्ट सांगते की तू इथे उपरा आहेस, आजारी आहेस, तुझ्या हाणामारीनं काही सुधारत नाही. बोटांनाही तेच कळत राहतं: अडलेल्या चापातून, थरथरत्या हातातून, पुन्हा भरलेल्या चौकीतून.

सोबत्यांचंही तसंच. खेळात बारा भाडोत्री सैनिक आहेत. आपण पहिल्यांदा कोसळतो तेव्हा डोळ्यांपुढे काळोख होतो, आणि त्यांच्यातलाच कुणीतरी फरफटत आपल्याला बाजूला नेतो, एका हातानं पिस्तूल झाडत. मग कधीतरी तोच पडतो. आपण गुडघ्यावर बसून त्याचं डोकं हातावर घेतो, सिरिंज टोचतो. कधी एवढ्यानं तो उठतो. कधी आणखी एक मागतो, मग आणखी, आणि कळून चुकतं की जखम औषधापलीकडची आहे. तेव्हा जवळचं पिस्तूल काढायचं किंवा त्याला तसाच टाकून निघून जायचं. या प्रसंगावर कुणी लिहून दिलेला संवाद नाही, शोकसंगीत नाही. तो केव्हा आणि कुठे घडेल हे कुणीच ठरवलेलं नसतं. २००९ मध्ये एका ऑस्ट्रेलियन समीक्षकानं हा खेळ एकच जीव मानून खेळायचं ठरवलं, मेलो की खेळ संपला, आणि त्या प्रवासाचं पुस्तकाएवढं टिपण लिहिलं. तसं करावंसं वाटलं, यातच या खेळाचं वजन दिसतं. शेवटाकडे तर हे जगले-वाचलेले सोबतीच हिऱ्यांसाठी आपल्यावर उलटतात. ज्यांना मांडीवर घेऊन वाचवलं त्यांच्यावर बंदूक रोखावी लागते.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते आणि ती गंजाइतकी सहज माफ करता येत नाही. या देशात देशाचे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. बाजार नाही, शाळा नाही, विहिरीवर बाया नाहीत. दाराआडची ती काही कुटुंबं, चर्चमधला पाद्री आणि जॅकलच्या मुलाखती घेणारा रूबेन हा पत्रकार सोडले तर सगळे बंदूकवालेच. खेळाची प्रेरणा कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी. तिच्यावर चिनुआ अचेबेनं १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका व्याख्यानात कडाडून टीका केली होती: एका युरोपीय माणसाचं मन कसं ढासळतं हे दाखवायला सबंध आफ्रिका पडद्यासारखी वापरली आहे. ही टीका या खेळालाही लागू पडते. लोक पळून गेलेत ही सबब आहे, आणि ती पुरत नाही. पळून गेलेल्यांची चूल, कपडे, पोरांची खेळणी तरी दिसायला हवी होती.

याच सुमारास, २००७ मध्ये, कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्ड या स्टुडिओनं ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’ काढला. तिथेही बंदूक अडते, भूक लागते, पाठीवर ५० किलोंच्या वर ओझं झालं की धाप लागते, आणि हवेत दडलेला सापळा ओळखायला आधी पुढे लोखंडी बोल्ट फेकून बघावा लागतो. तो मुलूखही कुणाचा होत नाही. त्या खेळावर स्वतंत्रच लिहायला हवं, इतका तो भरलेला आहे.

‘फार क्राय २’ च्या चाहत्यांनी आता बरेच मॉड केले आहेत. चौक्या उशिरा भराव्यात, बंदुका जास्त टिकाव्यात, हिवतापाचा त्रास कमी व्हावा. त्यातलं चौक्यांचं तेवढं मी भाच्याला लावून दिलं, बाकीच्यांना हात लावला नाही. कुणी आज नव्यानं सुरू करत असेल तर त्याला माझं सांगणं इतकंच आहे. शत्रूची बंदूक अगदी नाइलाज झाला तरच उचला. रस्त्यापेक्षा नदी बरी. होडीनं गेलं तर निम्म्या चौक्या टळतात. झोपडीत पोचल्यावर पलंगावर घड्याळ लावून पहाटेपर्यंत झोपा आणि उजाडताना निघा. परवान्याचं काम गोळ्या संपण्याआधीच करून टाका. आणि अर्ध्यावर सोडू नका, कारण शेवटी जॅकल तुमच्यापुढे दोन कामं ठेवतो: हिरे नेऊन सीमेवरच्या पहारेकऱ्यांना द्यायचे, किंवा बॅटरी जोडून सुरुंग उडवायचा आणि निर्वासितांच्या मागची खिंड बंद करायची. दोन्हींतून तुम्ही परत येत नाही. पण मघाशी ज्यांच्या दारात नाइलाजानं कागद टाकून आला होतात, ते लोक या खेपेला सीमेपलीकडे जातात.