केरसुणीची प्रभावळ

क्षुल्लक वस्तूंना देवत्व बहाल करण्याचा उद्योग आम्ही काही मित्र गेली काही वर्षे निष्ठेने करीत आहोत. प्रेशर कुकरच्या छायाचित्रामागे दिनदर्शिकेतल्या देवांना असते तशी प्रभावळ लावायची, खाली पिवळ्याधमक अक्षरांत ‘श्रीकुकरमाहात्म्य’ असे लिहायचे आणि पोथीच्या वळणाची फलश्रुती जोडायची: जो नित्य तीन शिट्ट्या श्रद्धेने मोजील, त्याची डाळ कधी कच्ची राहणार नाही, ज्याने उन्मत्त होऊन झाकणाची रिंग धुतली नाही, त्याचे वरण छतास भेटले.

अशा चित्रांना आता मीम म्हणतात. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात हा शब्द घडविला, तो अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात पसरणाऱ्या कल्पनांसाठी. आपल्याकडे अशा प्रसाराचे काम पूर्वी टपालखाते करीत असे. देवीच्या नावाने आलेले पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट घडेल, असे बजावणारी पोस्टकार्डे अनेक घरांत येऊन पडत. त्यांतली भीती वजा केली आणि हसू मिळविले, की आमचे मीम तयार होते.

विनोदाची ही रीतही मराठीला नवी नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली. त्यांतील ‘परिटास’ या कवितेत प्रेमकवितेची सारी आर्तता कपडे घेऊन गेलेल्या परटाच्या वाट्याला आली आहे. शैली उंच, विषय ठेंगणा. या दोहोंमधील अंतरात हसू पिकते. परदेशांत हेच अंतर वादाचे शस्त्रही झाले. २००५ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या शिक्षणमंडळापुढे, जीवसृष्टीमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हात असल्याच्या मतालाही विज्ञानाच्या वर्गात स्थान द्यावे काय, असा प्रश्न आला. तेव्हा बॉबी हेंडरसन या तरुणाने खुले पत्र लिहून, आपल्या उडत्या स्पॅगेटीदैवतालाही वर्गात तेवढाच वेळ मिळावा, अशी मागणी केली. शेवयांसारख्या खाद्यपदार्थाची पूजा कोणी करीत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तो बाण लागला.

आमची अडचण नेमकी येथे सुरू होते. आपल्याकडे हे अंतर मुळात फारसे नाहीच. दसऱ्याला मोटारसायकलच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, कारखान्यातल्या लेथला आणि कचेरीतल्या संगणकाला गंध लागते. अरणच्या सावता माळ्यांना तर मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल भेटला, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. आम्ही अतिशयोक्ती करावयास जावे, आणि आमच्या आजीने ती गोष्ट पन्नास वर्षे गंभीरपणे करून ठेवलेली असावी, असे वारंवार घडते. तेव्हा आपण नेमके कोणाला हसतो? देवाला तर नव्हे. भक्तालाही पुरते नव्हे, कारण भक्तांत आम्हीही आहोतच. सकाळच्या चहावाचून आम्हाला खरोखरच जग मिथ्या भासते. ‘मी या वस्तूवर प्रेम करतो’ हे सरळ सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून आम्ही आरती ओवाळण्याचे सोंग करतो, इतकेच.

हे समाधान पुरे वाटत असतानाच एका दिवाळीत मंडळींपैकी एकाने केरसुणीचे चित्र केले. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहण्याची चाल सर्वांना परिचित आहे, त्यामुळे प्रभावळ तिला शोभूनही दिसली. सगळे हसले. ज्याच्या घरातल्या तीन पिढ्यांनी शहराचे रस्ते झाडले, असा एक मित्र आमच्यात आहे. तोही हसला, आणि मग त्याने लिहिले, “प्रभावळ छान आहे रे. फक्त ती मुठीपाशी संपते. मूठ धरणारा बाहेरच राहिला.”

या वाक्याला उत्तर नव्हते. केरसुणीला लक्ष्मी मानणाऱ्या समाजानेच ती हाती धरणाऱ्या माणसाला शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे केले. वस्तूची भक्ती स्वस्त पडते. वस्तू पगार मागत नाही, पाणी मागत नाही, शेजारी घर मागत नाही.

या संदर्भात गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) स्मरण अपरिहार्य होते. त्यांनी खराट्याची पूजा केली नाही, तो चालविला. गावात शिरताच बाबा रस्ते झाडू लागत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. देव दगडात शोधू नका, भुकेल्याला अन्न द्या, असे ते सांगत, आणि सांगता सांगता श्रोत्यांना पोट धरून हसवीत. त्या हसण्यात खराटा आणि माणूस यांची फारकत झालेली नव्हती.

त्या दिवाळीपासून आमच्या चित्रांत हात दिसू लागले आहेत. कुकरच्या माहात्म्यात आता शिट्ट्या मोजता मोजता कामावर निघण्याची वेळ गाठणारी बाई येते. फलश्रुतीत तिला रविवारी सुट्टी मिळते. काही मित्रांचे म्हणणे असे, की याने विनोद जड होतो, उपदेशाचा वास येतो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. एखादे चित्र खरोखर जड होते, आणि मग आम्ही ते निमूटपणे काढून टाकतो. तथापि जे तरते, ते पूर्वीपेक्षा अधिक मोकळेपणाने हसविते, असा आमचा अनुभव आहे. केरसुणीच्या चित्राची प्रभावळ त्या मित्रानेच पुन्हा काढून दिली. ती आता इतकी रुंद झाली आहे, की तिच्यात केरसुणी कोपऱ्यात उभी आहे, आणि मध्यभागी त्याची आई, कमरेवर हात ठेवून, हसते आहे.