सोयरसुतक

शब्द तोंडांतून सहज निघून जातात. त्यांचा हिशेब मात्र पुढें केव्हां तरी द्यावा लागतो. वीस वर्षांमागें गांवच्या घराच्या वांटणीवरून आम्हां चुलतभावांत तंटा झाला, तेव्हां चारचौघांदेखत मी म्हणालों, "यापुढें माझें याचें कांहीं सोयरसुतक नाहीं!" गेल्या महिन्यांत तो वारल्याचा निरोप आला, आणि माझेंच वाक्य मला प्रथम समजलें.

सूतक हा शब्द मूळचा मृत्यूचा नव्हेच. संस्कृतांतील 'सू' या धातूचा अर्थ जन्म देणें. प्रसूति, सूतिका हीं त्याच कुळांतलीं. सूतक म्हणजे आधीं जन्मामुळें येणारें आशौच. मनुस्मृतीच्या 5 व्या अध्यायांत मरणाचें व जन्माचें आशौच शेजारीं शेजारींच सांगितलें आहे. या शेजारामुळेंच कीं काय, शब्दानें घर बदललें. मराठींत मरणाच्या वांट्याला सूतक आलें आणि जन्माला सोयर, कोठें सुवेर, हें निराळें नांव मिळालें. बाळंतिणीच्या खोलींतल्या शब्दाला आपण तिरडीमागून चालावयास लावलें!

ज्याच्या घरीं मूल जन्मलें तर आपणांस सोयर नाहीं, व माणूस गेलें तर सूतक नाहीं, तो परका. एवढाच या वाक्प्रचाराचा अर्थ. म्हणजे रागाच्या भरांत मीं जमिनीचा नव्हे, तर एका आजोबांच्या पोटच्या रक्ताचा दावा सोडला होता. पण घराच्या भिंती वांटतां येतात. जन्म वांटतां येत नाहीं.

दहा दिवसांच्या आंत वार्ता कळल्यास उरलेले दिवस सूतक धरावें, असा शास्त्राचा नियम आहे. निरोप आला त्या दिवशीं सहावा दिवस मावळत होता. मी स्नान करून आलों, तेव्हां चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, तुम्ही तर विटाळ मानीत नाहीं ना?"

"विटाळ मानीत नाहीं," मी म्हणालों, "पण तो माझा भाऊ होता."

हें बोलतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, 'माझा भाऊ' हे शब्द वीस वर्षांत मीं उच्चारलेच नव्हते. त्याच्या धाकट्या मुलाच्या बारशाला मी गेलों नव्हतों. तें सोयर चुकलें तें चुकलेंच. सुतकाचे मात्र चार दिवस उरले होते. ते मीं पाळले.