केप यॉर्कच्या टोकापर्यंत

जुलैत मुलांना सुट्टी लागली आणि आम्ही ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडे निघालो. अम्मी रत्नागिरीहून आमच्याकडे आल्या होत्या, त्याही सोबत. केर्न्सपासून केप यॉर्कचे टोक सुमारे हजार किलोमीटर. पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ते बंद होतात, म्हणून लोक मे ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांतच जातात.

लॉरा गाव मागे पडले आणि लाल मातीचा रस्ता सुरू झाला. पत्र्याच्या छपरासारखा नालीदार! टायरमधली हवा कमी केली तेव्हा कुठे हाडे सैल व्हायची थांबली. दुतर्फा माणसाहून उंच वारुळे. दुकाने फार लांब-लांब, म्हणून डिझेल, पाणी, तांदूळ, डाळ आणि लोणचे घरूनच घेतले होते.

मुक्काम नदीपासून निदान पन्नास मीटर दूर, उंचावर. या नद्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. समोर एवढे पाणी, पण वुजूसाठी काठावर जायचे नाही, हे अम्मींना पटेना. शेवटी कॅनमधले पाणी लोट्याने जपून घालत सर्वांचे वुजू झाले. "पाण्याची किंमत इथे कळली," त्या म्हणाल्या.

ब्रॅमवेल जंक्शनला जुनी टेलिग्राफ वाट सुरू होते. तारायंत्राची लाईन 1887 मध्ये पूर्ण झाली, तिच्याच कडेची ही वाट. आज गाडीवाले हौसेने तिच्यावरून जातात. पहिलाच ओढा पाम क्रीक. पाणी फार नव्हते, पण उतरण उभी आणि चिखलाची. पुढची एक गाडी अडकली होती, तिला विंचने ओढत होते. पलीकडे पोचलेले लोक हात करून बोलावत होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, चला ना!" आमचेही मन ओढ घेत होते. इतक्या लांब येऊन मागे फिरायचे?

अम्मी शांतपणे म्हणाल्या, "बेटा, ही पोरे अल्लाहची अमानत आहेत. बघणारे उद्या घरी जातील, गाडी तुला चालवायची आहे."

आम्ही गाडी वळवली. मुलगा तासभर बोलला नाही.

बाजूच्या रस्त्याने फ्रूट बॅट धबधब्याला पोचलो. काचेसारख्या पाण्यात दोन्ही मुले डुंबली आणि रुसवा तिथेच वाहून गेला. पुढे जार्डिन नदी फेरीने ओलांडली, बामागा गाव मागे टाकले आणि शेवटी खडकांवरून चालत टोक गाठले. अम्मींचा हात मुलानेच धरला होता.

समोर टॉरेसची सामुद्रधुनी. तिथल्या थर्सडे बेटावर एकोणिसाव्या शतकात मोत्यांच्या शिंपल्यांच्या धंद्यासाठी मलाय मुसलमान आले होते. म्हणजे या किनाऱ्यावर सजदा करणारे आम्ही पहिले नव्हतो.

कंपास काढून किब्ला पाहिला. पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. "म्हणजे दादीच्या गावासारखाच!" मुलगी आनंदाने ओरडली. खडकावर चटया अंथरून जोहर आणि असर कस्र करून, जमा करून पढलो.

दुआनंतर मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, त्या ओढ्यावरून परत फिरलो ते बरे झाले."

अम्मी हसल्या. आम्ही म्हणालो, अलहमदुलिल्लाह.