नांदेडहून लातुरास

गोदातीरींचें नांदेड सोडून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें आम्ही लातुरास गेलों. तुळजापूरहून बुटीबोरीस जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. रस्ता प्रशस्त, तथापि गळिताच्या हंगामांत उसाच्या बैलगाड्या पुष्कळदां काळोखांत दिव्यावांचून चालतात, आणि भरधांव मोटारवाल्यास त्या ऐन वेळींच दिसतात.

लोह्यास चहाच्या टपरीवर एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं विचारिलें, "जखमीस कोणी उचलीत नाहीं काय?"

तो म्हणाला, "गुरुजी, उचलतो तोच ठाण्यांत अडकतो."

कायद्यानें या भीतीस आतां जागा ठेविलेली नाहीं. मोटारवाहन कायद्यांत २०१९ सालीं १३४ अ हें कलम आलें. सद्भावनेनें मदत करितांना कांहीं उणें घडलें तरी मदत करणाऱ्यावर खटला होत नाहीं. नांव सांगण्याचीही सक्ति नाहीं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.

परंतु कायदा आपल्या पायांनीं गांवांत जात नाहीं. समाजकार्य शिकावयास परदेशीं निघालेल्या आपल्या मुलानातवंडांनीं आधीं आठ दिवस या मार्गावरील चावड्यांवर बसून तें कलम समजावून सांगावें. पहिल्या तासांत मिळालेला हात कित्येकदां प्राण वांचवितो. आणि तो हात वैद्याच्या आधीं शेजारच्या शेतकऱ्याचाच असतो.