खारे आणि गोडे

परवा विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून सातवीच्या वर्गावर आम्हीच गेलो. मुलांनी आठवडाभर दोन वाट्यांत मूग रुजत घातले होते. एका वाटीत विहिरीचे पाणी, दुसरीत खाडीचे. पहिल्या वाटीतले मोड तरारले होते, दुसरीतले मान टाकून पडले होते. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाण्यात असूनही हे तहानेने कसे मेले?"

प्रश्न मार्मिक होता. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मुळांच्या आतल्या रसाहून बाहेरचे पाणी अधिक खारट झाले, की ते आत शिरण्याऐवजी आतलेच पाणी बाहेर ओढले जाते. खारे पाणी जडही असते. म्हणून नदीच्या मुखाशी गोडे पाणी वरून वाहते आणि खारे तळाने आत सरकते. आमची मांडवी भर पावसाळ्यात जवळजवळ गोडी होते, उन्हाळ्यात मात्र तिचा खारेपणा कित्येक किलोमीटर आत चढतो.

मुलाने क्षणभर विचार करून म्हटले, "म्हणजे सर, तुमचे शेतही तहानेनेच मेले?"

आम्ही निरुत्तर झालो.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. गोव्यात खाडीकाठच्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. मातीदगडांचा बांध घालून पूर्वजांनी ती भरतीपासून राखली. बांधात 'मानस' असते, म्हणजे लाकडी दारांचे मोरीवजा बांधकाम. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटते; ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. पहिल्या पावसात मातीतले मीठ विरघळून याच वाटेने खाडीत जाते आणि मग कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरता येते.

दार आपोआप मिटते खरे, पण त्याच्यावर नजर मात्र कोणीतरी ठेवावी लागते. अमावास्येच्या उधाणाला आमचे वडील रात्री कंदील घेऊन बांधावर जात. खेकड्याचे बीळ दिसले, की तिथल्या तिथे चिखलाने बुजवीत. वडील गेले. आम्ही भाऊ नोकरदार झालो. शेजाऱ्यांची मुलेही शहरात गेली. बांध सर्वांचा, म्हणून प्रत्येकाला वाटले, दुसरा पाहील. २०१४ साली एका उधाणात बांधाला खिंडार पडले. शेतात पाणी भरले. ते वरून पाहता अगदी गोड्या पाण्यासारखेच दिसत होते. पुढच्या वर्षी पेरलेले भात उगवले नाही. दोष आम्ही समुद्राला दिला आणि शाळेच्या कामाला लागलो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या दारी गेलो. तिघांनी हसून टाळले, पाच जण आले. गेल्या मे महिन्यात आम्ही खिंडार बुजविले, मानशीला नवे दार बसविले. टोपली उचलताना आमची कंबर धरली, हे मुलांपासून लपविले नाही.

मुरलेले मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतील, असे जुने शेतकरी सांगतात. आमच्या निवृत्तीलाही तेवढीच वर्षे उरली आहेत. तोवर अमावास्येला बांधावर जाणे आले. वडिलांचा कंदील माळ्यावर सापडला आहे. काच तेवढी नवी बसवावी लागेल.