बीके नंबर

बराक. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ लष्करी छावणी टाकली, तिच्यातली. अशा दोन हजारांवर होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्यांत उतरवली. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचा नाहीतर साडीचा आडोसा. पाच कॅम्प झाले. शहाडच्या अंगाला एक नंबरचा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं.

उतरती छपरं. गेली.

सामायिक नळ, संडासांच्या रांगा. गेल्या, बरं झालं.

सनद. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९५४ चा. त्याखाली सनद मिळून सरकारी बराक राहणाऱ्याच्या नावावर होऊ लागली. मग ज्याची खोली त्यानं भिंत फोडली, मागे वाढवली, वर मजला चढवला. टिअर गर्डरच्या लोखंडी तुळया, त्यावर लादी. आता त्या इमारतीही धोकादायक ठरून पाडतात. म्हणजे बराक दोनदा गेली.

पत्ता. हा मात्र टिकला. खाली मोबाइलचं दुकान, वर चार मजले, आणि लाइट बिलावर ‘बीके नं. अमुक, रूम नं. तमुक, उल्हासनगर-१’. बीके म्हणजे बराक, हे तिसऱ्या पिढीला सांगावं लागतं. रिक्षावाल्याला नाही.

सिव्हिल हॉस्पिटल, ठाणे. पाडलेली दुसरी सरकारी वास्तू, विठ्ठल सायन्नांच्या नावाची. जुनी इमारत पाडली, जागेवर सुपर स्पेशालिटी. खाटा वाढणार असतील तर कोण काय बोलणार?

ठाण्याचा तुरुंग. मूळ पोर्तुगीजांचा किल्ला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथंच फाशी दिलं. कैदी दुसरीकडे हलवा, इथं स्मारक करा, ही मागणी ठाण्यात अधूनमधून उठते. तुरुंगासाठी माणसं गोळा होतात, कारण तिथं सांगायला तीन नावं आहेत. बराकीत नुसती आडनावं होती, आणि रेशनकार्डं.

वारसा. मुंबईत नागरिकांनी नेट लावला, १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. यादी चाळली की कमानी, घुमट, मनोरेच पुढे येतात. बराकीसाठी मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. नवलही वाटत नाही. ज्या बाईनं पहाटे चारला उठून बादली रांगेत लावली, तिला ‘हे जतन करा’ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

एनआरसी या रेयॉन कारखान्याची कॉलनी, कल्याणजवळ मोहने. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. सरकारी नाही, म्हणून सरकारी इमारतींच्या माझ्या या यादीत बसत नाही. तरी लिहून ठेवतो.

एक बराक. फक्त एक, कुठल्यातरी सरकारी खात्याच्या ताब्यात उरलेली. पाडण्याआधी निदान मोजमाप घ्यावं, फोटो काढावेत, आत कोण कोण राहिलं ती नावं लिहून घ्यावीत. जमलं तर छप्पर शाकारून तशीच ठेवावी. आत दिवे, पुतळे, सेल्फी पॉइंट नकोत. गोणपाट पुरे.